खोट्या मासळीचा गलबला

"काही नाही रे बाबांनो इथं! नुसते धोंडे आणि फाटकं नशीब!"

वर्षं लोटली, पण अजूनही गोदीकडून वारा आला की हा आवाज माझ्या कानात शिरतो. स्किपर एनॉक ब्लँचर्ड व्हीलहाऊसची, म्हणजे सुकाणूच्या खोलीची, खिडकी खाली सरकवायचा, अर्धं अंग बाहेर काढायचा आणि तळव्यांचा कर्णा करून शेजारून जाणाऱ्या बोटीला हे सांगायचा. आवाजात दुःख असं, की ऐकणाऱ्याला वाटावं बिचाऱ्याच्या घरी आज चूल पेटायची नाही. आणि त्याच घडीला आम्ही डेकवर गुडघाभर कॉडमध्ये उभे असायचो. मासळीवर जुनं जाळं पांघरलेलं, सुरे पाठीमागं लपवलेले, तोंडं सुतकी. समोरची बोट धुराच्या रेघेएवढी झाली की म्हातारा खाली वाकून डोळा मारायचा.

"ड्रू, पांघरूण काढ. लेकरं गुदमरली असतील."

मी त्याचा मेट, म्हणजे बोटीवर त्याच्या खालोखालचा माणूस. 'टेटनी लास' ही आमची मासेमारीची ट्रॉलर. गंजलेली, खोकणारी, कोळसा खाऊन काळं ओकणारी, पण लाटेवर अशी चढायची की जणू माहेरची वाट. ग्रिम्सबीच्या बंदरात खोटं न बोलणारा स्किपर तेव्हा शोधूनही सापडला नसता. मासा कुठं लागला ते खरं सांगितलं, तर पुढच्या खेपेला त्या जागी आपल्याआधी दहा बोटी उभ्या. कोळसा लागतो, बर्फ लागतो, तसं खोटंही लागायचं. पण बाकीचे बोलायचे ते गरजेपुरतं. एनॉक बोलायचा तो हौसेनं. नक्षी काढून, झालर लावून, वर एक उसासा ठेवून.

गल्लीतल्या बाया परसात खुंटीला जाळं टांगून विणायच्या. लाकडी सुई हातात पळायची आणि तिच्या तालावर गाणं पळायचं. त्यांनी म्हाताऱ्यावरही एक रचलं होतं:

*एनॉक म्हणतो गं, उत्तरेला मासा,*
*दक्षिणेला जावं बाई, धरावा भरवसा.*

सगळ्यांत मोठ्या गळ्यानं हे कोण म्हणायचं? त्याची स्वतःची लेक हेटी.

हेटीनं लग्न केलं ते रूबेन मॅडिसनशी. रूबेन आधी आमच्याच बोटीवर होता. जाळं ओढायची विंच कशी हाकायची, जाळं कधी उचलायचं, ढगाच्या पोटात काय आहे ते कसं वाचायचं, हे सगळं तो एनॉकच्या हाताखाली शिकला. खोटं बोलणंही तिथंच शिकला. मग परीक्षा देऊन स्किपर झाला, त्याला 'ओरिओल' बोट मिळाली, आणि सासरा-जावयाची समुद्रावर जुंपली.

किनाऱ्यावर दोघं एका टेबलाशी बसायचे. मधे भाजलेल्या मांसाचं ताट, वाफाळते बटाटे, आणि दोन साळसूद चेहरे.

"या खेपेला कुठं होतात, सासरेबुवा?"

"इथंच, आपल्या गल्लीच्या तोंडाशी. मोठी झुंबड होती मासळीची. तू रे, जावईबापू?"

"मी त्याच्या पलीकडं. चर्चच्या मागं."

हेटी ताट आपटायची. "तुम्हा दोघांना वेळ विचारली तर मी घड्याळवाल्याकडं जाऊन खात्री करते!"

पुढं बोटींवर बोलका रेडिओ आला. खटका दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. तोपर्यंत खोटं बोलायला समोरची बोट हाकेच्या अंतरावर यावी लागायची. आता एका खटक्यात सगळ्या समुद्राशी बोलता यायला लागलं. म्हाताऱ्याला तर देवळातलं व्यासपीठ मिळाल्यागत झालं. सकाळचा चहा हातात घेऊन तो रोज आपल्या दैन्याचं कीर्तन लावायचा, आणि आइसलँडच्या पाण्यात असलेल्या झाडून सगळ्या बोटी ते ऐकून अगदी उलटं काय ते समजून घ्यायच्या.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या हिवाळ्यात रूबेनला एका जागी भरघोस मासा लागला होता. एनॉकनं रेडिओवर असा हंबरडा फोडला की बर्फ आला, तरंगता बर्फ आला, पळा रे लेकरांनो! रूबेननं जाळं ओढून पळ काढला. आम्ही गेलो, त्याच्या जागी जाळं टाकलं आणि पोट भरून घरी आलो. बर्फाचा खडादेखील दिसला नाही. पुढं कितीतरी दिवस गोदीवर रूबेन दिसला की कुणीतरी कॉलर वर करून कुडकुडायचं सोंग करायचं. तोही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. जेवताना एकदा म्हणाला, "सासरेबुवा, आता तुम्ही घराला आग लागली म्हणालात, तरी मी आधी चहा संपवीन."

म्हातारा खो खो हसला. त्याला ते कौतुकच वाटलं.

मग तो हिवाळा आला, ज्याची ही गोष्ट.

आइसलँडच्या वायव्येला एक भूशीर आहे. काळा उभा कडा, माथ्यावर बर्फ, पायाशी फेस. त्याच्या आडोशाच्या खाडीत रूबेन शिरला होता आणि त्याला मासा लागला होता; त्याच्या गप्प बसण्यावरून ते कळतच होतं. आम्ही बाहेर मोकळ्या पाण्यात. आमच्या जाळ्याची खोळ वर यायची ती म्हातारीच्या पिशवीसारखी, तळाशी चार नग.

मासेमारीच्या पाण्यात पोचलं की स्किपर झोपत नसे. व्हीलहाऊसच्या मागं त्याची फळी होती. तिच्यावर तो बूट घालूनच आडवा व्हायचा आणि विंचचा आवाज जरा बदलला की उठून खिडकीत. तळाचा ठाव घ्यायला दोरीला बांधलेलं शिसं सोडायचं, त्याच्या बुडाला चरबी लावलेली. वर आलं की चरबीला चिकटलेली माती म्हातारा बोटानं काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा. आम्ही श्वास रोखून उभे. "शिंपल्यांचा चुरा," तो म्हणायचा, "वर जरा चिखल. टाका." मग आम्ही टाकायचो. थंडीत दोर हातांना चावायचे, सुरा पकडलेली बोटं उघडायला दुसऱ्या हाताची बोटं लागायची, आणि स्वयंपाकी पिंडर चहा आणायचा तो दुधाच्या डब्यातलं घट्ट गोड दूध ओतून, चमचा उभा राहील असा.

त्या दिवशी दुपारी, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात जी काय दुपार म्हणायची तेव्हा, म्हाताऱ्यानं चहाचा पेला ओठांशी नेला आणि तसाच धरला.

"ड्रू, उत्तरेला बघ."

मी बघितलं. ढगांच्या पोटाखाली एक पांढरी लकाकी पसरली होती, कुणी खालून दिवा धरावा तशी. त्या पाण्यात राबलेल्या माणसाला ती ओळखायला शिकवावं लागत नाही. खाली बर्फ असला की आभाळ तसं उजळतं. आणि वारा आमच्या जेवणाच्या वेळी फिरला होता. तो आता उत्तरेचा होता आणि बर्फाला पुढं घालून भूशिराकडं हाकत होता, मेंढरं हाकावीत तसा.

रूबेन कड्याच्या मागं. त्याला यातलं काहीच दिसणार नव्हतं. बर्फानं भूशिराला वळसा घातला की खाडीचं तोंड बंद. आत राहिलेली बोट बर्फ आणि कड्याच्या मधे, पायाखाली आलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी.

म्हाताऱ्यानं खटका दाबला.

"ओरिओल, ओरिओल. रूबेन, जाळं उचल आणि बाहेर पड. बर्फ येतोय."

खरखर झाली. मग हसू आलं, आणि त्यामागून रूबेन.

"वा, सासरेबुवा! यंदा लवकर काढलात बर्फ. गेल्या वर्षीचाच आहे की नवा केलात?"

"थट्टा नाही रे. वारा फिरलाय. तुला तिथून दिसत नाही."

"न दिसणारा बर्फ! ही नक्षी नवीन हं."

"रूबेन, ऐक माझं—"

मधेच हल बंदराच्या एका स्किपरचा घोगरा आवाज घुसला. तो कुठंतरी दक्षिणेला होता. "ए ग्रिम्सबीवाल्या! एवढा बर्फ आलाय तर चार टोपल्या इकडं धाड की. आमचा मासळीवर टाकायला कमी पडलाय!"

मग सगळा समुद्र हसला. त्या रेडिओच्या पेटीतून नुसतं हसूच ओघळत होतं.

म्हाताऱ्यानं खटका सोडला. मी त्याला वादळात पाहिलं होतं, माणूस वाहून जाताना पाहिलं होतं. पण आपला शब्द कुणीतरी मानावा म्हणून असं माझ्याकडं बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"ड्रू, मी खरं बोललो."

"हो, स्किपर."

"एक शब्दसुद्धा सजवला नाही."

"तेच तर झालं ना, स्किपर."

"आपण आत जाऊन त्याला ओढून आणू?" इंजिनवाल्यानं खालून डोकं काढून विचारलं.

"गेलो तर म्हणेल, माझा मासा लुटायला आले. भांडण संपेस्तोवर आपणही आत अडकू." म्हातारा उत्तरेकडं बघत राहिला. लकाकी रुंद होत होती. मग हळूहळू त्याच्या मिशीचं एक टोक वर गेलं. ते टोक वर गेलं की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असायचं.

"खऱ्यानं हलत नाही ना पोरगं? बरं. सगळ्यांना वर बोलाव."

पाच मिनिटांत 'टेटनी लास'चं नाटकघर झालं. विंचवाल्यानं रिकामी विंच खडखडवायची. डेकवाल्यांनी बूट आपटायचे, ओले दोर फळ्यांवर थपाथप मारायचे. मी ओरडायचं. पिंडर लाडू मिळाल्यागत पुढं आला.

"स्किपर, मला पण बोलू द्या. मी तरुणपणी क्लीथॉर्प्सच्या रंगमंचावर होतो."

"तिथं तू पडदा ओढायचास," मी म्हटलं.

"पण आतून बघायचो ना!"

"बोल," म्हातारा म्हणाला. "मासळी बघून वेडा झालेला माणूस जे बोलेल ते बोल. फक्त जपून, सगळा समुद्र ऐकतोय."

त्यानं घसा खाकरला, चेहऱ्यावर सात पिढ्यांचं दुःख आणलं आणि खटका दाबला.

"रूबेन... बर्फाचं सोड रे. चुकलंच माझं. इथं काही नाही, नुसते धोंडे. जाळंही फाटलं. तू तिथंच रहा. बाहेर येऊ नकोस. सुखात रहा, बाळा..."

आणि बोलणं संपलं तरी अंगठा खटक्यावरून उचललाच नाही, विसरल्यासारखा. त्यानं बोट हलवून खूण केली.

विंच खडखडली. बूट आपटले. "दुसरी खोळ आली!" मी किंचाळलो. "अरे, ठेवायची कुठं? डेकवर पाय ठेवायला जागा नाही!"

"हळू मेल्यांनो, हळू!" म्हातारा तोंड वळवून कुजबुजला, पण समुद्रभर ऐकू जाईल असं कुजबुजला. "ओरडताय काय? पलीकडं ऐकू गेलं म्हणजे?"

एवढ्यावर थांबलो असतो तर नाटक बरं झालं, असं म्हणता आलं असतं. पण पिंडर रंगात आला होता. हातात पळी, डोळ्यांत पाणी. त्यानं खिडकीतून मुंडी आत घातली आणि जिवाच्या आकांतानं ओरडला:

"अरे देवा! हा हॅलिबट बघा हो! डुकराएवढा! अक्षरशः डुकराएवढा!"

सगळं थांबलं.

तुम्ही जमिनीवरची माणसं. तुम्हाला काही वाटायचं नाही. आमच्या बोटीवर त्या जनावराचं नाव कुणी घेत नाही. आमच्या बायका खाटकाच्या दुकानातदेखील बोट दाखवून मागतात. फारच अडलं तर 'तो वाकड्या शेपटीचा' म्हणायचं, तेही हळू आवाजात. नाव घेतलं की बोट गेलीच म्हणून समजा. लगेच थंड लोखंड धरलं तर कदाचित वाचेल.

विंचवाल्यानं विंच सोडून कठडा धरला. डेकवाले नांगराच्या साखळीवर पडले. मी दाराची कडी पकडली ती सोडेना. म्हाताऱ्यानं खटका टाकून दोन्ही हातांनी खिडकीची लोखंडी चौकट धरली, आणि डोळे मिटून बारीक आवाजात म्हणाला, "पिंडर..."

पिंडरचा चेहरा फसलेल्या पुडिंगसारखा खाली बसला होता. "मी भूमिकेत शिरलो हो, स्किपर."

"बाहेर ये तिच्यातून. आणि पळी सोडून लोखंड धर."

"पळी लोखंडाचीच आहे."

आम्हाला वाटलं, संपलं सगळं. रूबेन हसत असेल, हलचा तो स्किपर तर लोळत असेल. पेटी मात्र गप्प होती. मग तो घोगरा आवाज आला, पण आता देवळात बोलावं तसा.

"ऐकलंत? त्याचा स्वयंपाकी *ते* बोलला."

दुसरं कुणीतरी म्हणालं, "खोटं रचायला म्हणून ते कुणी बोलत नाही. माणसाचं भान हरपलं तरच..."

"हो ना. काय मासळी असेल!"

"लोखंड धरा रे आधी."

मग चिडीचूप. ज्या समुद्रावर स्किपर गप्प बसतात, तिथं इंजिनं जोरात चालू झालेली असतात.

रूबेन अजूनही दारूच्या गुत्त्यात ही गोष्ट सांगतो तेव्हा शपथेवर सांगतो, की नाटकातलं अक्षरही त्यानं खरं मानलं नव्हतं. दुसऱ्या खोळीला तो जांभई देत होता. पण त्या एका शब्दानं त्याच्या अंगावर काटा आला. एका हातानं त्यानं लोखंड धरलं आणि दुसऱ्यानं इंजिनघराला निघायची घंटा दिली.

आम्ही वाट बघत राहिलो. म्हाताऱ्याचा चहा त्याच्या हातात गार झाला, वर साय धरली. उत्तरेकडून बारीक हिमवर्षाव सुरू झाला, आधी भुरभुर, मग दाट. कडा दिसेनासा होण्याआधी त्याच्या टोकामागून एक काळं नाक बाहेर आलं, त्यामागं धुराची शेपटी. ओरिओल! डेकवर कुणीतरी टोपी उडवली. म्हाताऱ्यानं तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.

पण हिमानं आता सगळी उत्तर दिशा पुसून टाकली होती. लकाकी नाही, काही नाही, नुसती पांढरी भिंत.

ओरिओल हाकेच्या अंतरावर आली. रूबेननं खिडकी सरकवली. त्याला दिसलं ते असं: धुतलेला डेक, कोरडं टांगलेलं जाळं, आणि किटली घेऊन उभा असलेला पिंडर, जो घाबरून म्हणाला, "चहा घेता?"

"मासा कुठाय?" रूबेन गरजला.

"नाही मासा," म्हातारा ओरडला. "बर्फ आहे! तिथं, त्या हिमामागं! शपथ घेतो!"

"कुणाची शपथ? त्या वाकड्या शेपटीच्याची?" रूबेन उत्तरेकडं वळून बघत होता. त्याला हिम दिसलं, दुसरं काय दिसणार? वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. एवढ्या अंतरावरूनही मला दिसले. "खोळी भरत होत्या माझ्या! माझ्या माणसांनी थंडीत हाडं झिजवली तिथं! आता मी इथं उभा राहणार आणि तुम्ही जाऊन माझ्या जागेवर जाळं टाकणार, होय ना? पुन्हा तेच? तेही त्या जनावराचं नाव घेऊन? तुम्हाला काहीच शिवत नाही का, हो?"

"रूबेन, अरे बाळा—"

"बाळा म्हणू नका! आयुष्यात एक गोष्ट तरी खरी बोललात का माझ्याशी?"

खिडकी धाडकन बंद झाली. ओरिओलचं नाक हळूहळू फिरायला लागलं. भूशिराकडं. तिच्या डेकवरची माणसं आमच्याकडं बघत थुंकत होती, आणि त्यातला एकेक चेहरा आमच्या गल्लीतला होता.

"स्किपर," मी म्हटलं, "आडवी घालू बोट?"

"आडव्या बोटीला वळसा घालतात, ड्रू."

तो व्हीलहाऊसमध्ये उभा राहिला, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्याच्याकडं आता खोटं उरलं नाही. सगळं खर्च झालं होतं. हौसेचं, गरजेचं, उसाशाचं. ओठ हलत होते, काहीतरी रचायला बघत होते आणि रिकामे परत येत होते. ओरिओल अर्धी वळली. पेटीमागं हलवाले, ग्रिम्सबीवाले, सगळे कान लावून बसले असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. टक्कल इतकं पांढरं होतं की बघवेना. मग त्यानं खटका दाबला, आणि जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. त्याला झालर नव्हती.

"रूबेन. उत्तर देऊ नकोस, नुसतं ऐक. बाकीच्यांनीही ऐका, मी मेल्यावरसुद्धा हसायला पुरेल तुम्हाला. गेले दोन हिवाळे मला मासा सापडत नाही. कुठं गेलं ते ज्ञान, माहीत नाही, पण गेलं. मी धक्का सोडतो तो तुझा धूर नजरेत राहील असा. तू जिथं थांबतोस तिथून जरा बाजूला मी थांबतो. तुझ्या ताटाच्या कडेचं खातो आणि गोदीवर मिशीला पीळ देतो. गेल्या साली तुला बर्फाचं भय घालून हाकललं, ते मला लाज वाटत होती म्हणून. ज्याला मी जाळं धरायला शिकवलं तो माझ्यापेक्षा चांगला निघाला, हे तुझ्या तोंडावर म्हणवत नव्हतं. आज तुझा धूर कड्यामागं गेला आणि मी इथं बाहेर येड्यागत उभा राहिलो, तो पुन्हा दिसायची वाट बघत. म्हणून तो बर्फ मला दिसला, रे. मी असलं खोटं रचीन का? कुठला स्किपर रचील? नाक फिरव, बाबा. चल. पुढं तू हो. मी मागनं येतो."